लगोरी, दहीहंडी, कुंग फू: रोबोटच्या स्पर्धेला गोष्ट कशाला हवी?

रोबोकॉनचा २०२५ चा खेळ एका शब्दात सांगता येत होता: बास्केटबॉल. मंगोलियाची राजधानी उलानबातरला झालेल्या त्या स्पर्धेत रोबोटने चेंडूला टप्पा द्यायचा, साथीदार रोबोटकडे पास करायचा आणि बास्केटमध्ये टाकायचा. जवळून टाकला तर दोन गुण, लांबून तीन, आणि डंक केला तर थेट सात. पाचवीतल्या पोरालाही एका मिनिटात कळेल.

२०२६ चं यजमानपद हाँगकाँगकडे, आणि खेळाचं नाव 'कुंग फू क्वेस्ट'. आता रोबोटने आधी शस्त्र जोडायचं, मग मेहुआ नावाच्या जंगलातून वाट काढायची, कुंग फूच्या पोथ्या म्हणून ठेवलेले ठोकळे गोळा करायचे आणि शेवटी ते फुली-गोळ्यासारख्या चौकटीत मांडायचे. नियमावली आली त्या दिवशी आमच्या जुन्या टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकजण म्हणाला, सरळ खेळ द्या ना, ही नाटकं कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, नाटक नसेल तर घरी आईला काय सांगणार, मी रात्र-रात्र काय बनवतोय ते?

हा वाद दर वर्षी होतो. मी नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या एका कॉलेजातून इंजिनिअर झालो. आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सुट्टीत गावाकडच्या पोरांच्या रोबोट स्पर्धांना जात असतो. त्यामुळे या वादात माझं मत आहे, आणि ते मधलं नाही. थीम हवीच. पण ती मोटरपर्यंत पोहोचली पाहिजे. नुसती बॅनरवर राहिली तर ती पोरांचा वेळ खाते, आणि एका प्रकारची थीम तर पोरांची चक्क फसवणूक करते. त्या प्रकाराकडे पुढे येतो.

थीम आली कुठून?

ज्यांना रोबोकॉन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण नाव एबीयू रोबोकॉन. एबीयू म्हणजे आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजेच टीव्ही-रेडिओ वाहिन्यांची संघटना. जपानच्या एनएचके वाहिनीने १९८८ साली विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा सुरू केली, त्यातून पुढे २००२ साली टोकियोत पहिली एबीयू रोबोकॉन झाली. आपल्याकडे देशपातळीवरची फेरी दूरदर्शन घेतं. आधी बरीच वर्षं ती पुण्यात बालेवाडीला व्हायची, अलीकडे आयआयटी दिल्लीच्या सोबतीने दिल्लीत होते.

थोडक्यात, ही स्पर्धा टीव्हीवाल्यांची आहे, आणि थीमचं मूळ त्यातच आहे. दोन लोखंडी सांगाडे मैदानावर ठोकळे उचलतायत, हे घरी बसलेला माणूस किती वेळ बघेल? म्हणून यजमान देश आपल्या संस्कृतीतलं काहीतरी काढतो आणि त्याचा खेळ करतो. पहिल्या वर्षी फुजी पर्वत होता. २०१० ला कैरोत रोबोटांनी पिरॅमिड बांधले. २०११ ला बँकॉकमध्ये पाण्यात दिवे सोडायचा लॉय क्राथोंग सण आला. २०१५ ला इंडोनेशियाने बॅडमिंटन दिलं.

आणि दोनदा पाळी पुण्याची आली. २००८ च्या खेळाचं नावच 'गोविंदा' होतं: हंड्या, लोणी आणि ते उंचावरून काढणारे रोबोट. २०१४ ला विषय होता आईबापांना सलाम. एक मोठा पालक रोबोट, एक छोटा बाळ रोबोट. मोठ्याने छोट्याला उचलून सी-सॉवर बसवायचं, झोपाळ्यावर न्यायचं, आणि सगळी कामं पूर्ण झाली की आरोळी 'शाबास'.

आता गंमत बघा. दहीहंडीचा खेळ जिंकला चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाने. पालक-बाळाचा खेळ जिंकला व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने. दहीहंडी आपली, मैदान आपलं, आरोळीसुद्धा आपली, पण ट्रॉफी बाहेर गेली. घरची थीम असली की घरच्या मुलांना फायदा होतो, हा समज इथेच संपतो. रोबोटला गोविंदा माहीत नसतो. त्याला हंडीची उंची मिलिमीटरमध्ये लागते.

मग थीमने इंजिनिअरचं काय भलं होतं?

चेंडूला शेपूट लावलं की काय होतं

आमच्या वेळी, २०१८ ला, यजमान व्हिएतनाम होता आणि खेळ 'नेम कॉन'. नावातच नेम आहे म्हणून आम्ही पहिल्या दिवशी फार हसलो होतो. हा तिथला सणावाराचा खेळ. कापडी चेंडूला झालर लावलेली शेपटी असते, आणि तो चेंडू उंच बांबूवरच्या कड्यातून पार करायचा. स्पर्धेत एक रोबोट रिमोटवर चालायचा, तो चेंडू आणून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दुसरा स्वतःच्या अकलेने कड्यातून फेकायचा.

चेंडू फेकायचा म्हटलं की कुठलाही इंजिनिअरिंगचा पोरगा आधी दोन फिरती चाकं काढतो, क्रिकेटच्या बॉलिंग मशीनसारखी. युट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत. पण इथे शेपूट होतं, आणि फिरत्या चाकांत ते गुंडाळलं जाणार! म्हणजे युट्यूब बंद. मग हात फिरवून फेकणारी यंत्रणा करायची, गोफणीसारखी. गोफणीत चेंडू नेमका कुठल्या कोनाला सुटतो यावर सगळं अवलंबून. एक-दोन अंशांचा फरक पडला तरी कडं चुकतं. त्यात बाटलीतली हवा कमी झाली की हाताचा वेग बदलतो. हो, बाटलीतली. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्यांत दाबाची हवा भरून तिच्यावर सिलिंडर चालवणं ही रोबोकॉनची जुनी पद्धत आहे. दाबाची मर्यादा सहा बार.

ते शेपूट थीममुळे आलं. नुसता 'चेंडू कड्यातून टाका' असा नियम असता तर सगळ्यांनी बॉलिंग मशीन केलं असतं. व्हिएतनामच्या गावातल्या एका जुन्या खेळण्याने चाळीसेक पोरांना गोफणीचं गणित शिकायला लावलं. थीम मोटरपर्यंत पोहोचते म्हणजे काय, ते हे.

लगोरीचं उदाहरण याहून चांगलं आहे. २०२२ ला यजमान भारत होता, स्पर्धा नवी दिल्लीला, आणि खेळ लगोरी. कुणी लिंगोरचा म्हणतं. गावात सात ठिकऱ्या रचायचो, स्पर्धेत वेगवेगळ्या व्यासाच्या पाच चकत्या होत्या. एका टीमच्या पहिल्या रोबोटने चेंडू मारून रास पाडायची, दुसऱ्याने ती परत रचायची. रचणाऱ्याच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला. समोरच्या टीमने तो चेंडू नेम धरून उडवायचा.

यातली मेख लक्षात घ्या. चकत्या रचायला रोबोट स्थिर लागतो. हात थरथरला की रास कलते. पण एका जागी स्थिर उभं राहिलं की समोरचा डोक्यावरचा चेंडू पाडतो. म्हणजे हलत राहायचं आणि त्याच वेळी स्थिर हाताने रचायचं. लहानपणी लगोरीत आपण नेमकं हेच करायचो: एक डोळा ठिकऱ्यांवर, एक डोळा चेंडू असलेल्या पोरावर. खेळाचा जीवच तो आहे, आणि नियम लिहिणाऱ्यांनी तो जीव तसाच ठेवला. तुमच्या फोनमध्ये जायरोस्कोप असतो ना, तसाच सेन्सर इथे रोबोट किती वळला ते सांगतो, चाकांवरचे एन्कोडर किती सरकला ते सांगतात. दोन्ही जोडून रोबोटला सतत आपली जागा कळत राहिली तरच तो पळत-पळत रचू शकतो.

एक धोका मात्र होता. ज्युनिअर पोरं नियमावली न वाचताच कामाला लागली. लगोरी काय, माहीतच आहे की! पण गावच्या लगोरीत चेंडू अंगावर कुठेही बसला तरी बाद, इथे फक्त डोक्यावरचा चेंडू मोजायचा. ओळखीची थीम असली की इंग्रजी नियमावलीची पानं कुणी उलटत नाही. अनोळखी थीम असली की निदान वाचतात तरी.

सरळ खेळच का नको?

याचं उत्तर आपल्याकडच्या कॉलेजांच्या टेक-फेस्टमध्ये सापडतं. रोबो-रेस, रोबो-सॉकर, काळ्या पट्टीवरून चालणारा लाइन फॉलोअर. वर्षानुवर्षं हेच. परिणाम काय? तयार रोबोट विकत मिळतात. काही ठिकाणी तर दिवसाच्या भाड्याने मिळतात. मी एका फेस्टला एकच रोबोट, फक्त स्टिकर बदलून, दोन टीमकडून उतरलेला पाहिलाय. खेळ बदलत नाही म्हणून रोबोटचा बाजार तयार होतो, आणि ज्याच्याकडे पैसे तो जिंकतो.

याच्या उलट बाजूलाही वजन आहे, ते नाकारत नाही. रोबोकप नावाची जागतिक स्पर्धा १९९७ पासून फुटबॉलच खेळते. २०५० पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवायचं हे त्यांचं उद्दिष्ट. खेळ तोच असल्यामुळे एका टीमने लिहिलेला कोड दुसरी वापरते, ज्ञान साचत जातं. रोबोकॉनमध्ये दर वर्षी पाटी कोरी. पण रोबोकपच्या टीमांत पीएचडीवाले असतात, वर्षानुवर्षं तिथेच असतात. आपल्या कॉलेजातली टीम म्हणजे सेकंड इयरला आलेली, फायनल इयरला प्लेसमेंटच्या मागे लागलेली पोरं. त्यांच्या हातात जेमतेम दोन हंगाम. खेळ तोच राहिला तर ती पोरं सिनिअर्सचा रोबोट रंगवून उतरवतील. थीम बदलते म्हणून नव्याने डोकं चालवावं लागतं.

पण त्या कोऱ्या पाटीची किंमत लागते, आणि ती सगळ्यांना सारखी नसते.

थीम बदलली की मोटर, ड्रायव्हर, बॅटरी, चाकं राहतात. पकड, फेक, उचल यांच्या यंत्रणा भंगारात. आणि मैदान! बहुतेक वर्षी मैदान बॅडमिंटन कोर्टापेक्षा मोठं असतं. त्याची प्रतिकृती सरावासाठी बांधायची तर प्लायवुड, रंग, आणि मुख्य म्हणजे महिनोन्‌महिने मोकळा राहील असा हॉल लागतो. पुण्या-मुंबईच्या जुन्या टीमांकडे स्वतःची खोली, कपाटभर जुने पार्ट आणि शिकवायला माजी विद्यार्थी असतात. आमच्याकडे हॉल गॅदरिंगला दिला की मैदान गुंडाळून जिन्याखाली. एकदा एका जोडाचा व्यास बदलला म्हणून एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांकडे तीन फेऱ्या झाल्या होत्या. पैसे त्यांनी एकाच फेरीचे घेतले, पण बसचं भाडं तिन्ही वेळा लागलं.

म्हणून थीम चांगली की वाईट हे बघताना मी एक हिशोब करतो: हिच्यातलं किती रोबोटला शिकवतं आणि किती नुसतं सुताराला कामाला लावतं? लगोरीच्या पाच चकत्या फोममधून कापता येत होत्या. नेम कॉनला कडं आणि खांब पुरत. पण काही वर्षी देखाव्याचे कट्टे, उतार, पायऱ्या इतक्या असतात की ऑक्टोबर ते डिसेंबर आमच्यासारखी टीम सुतारकामच करत बसते. कुंग फूचं मैदान कुठल्या गटात पडतं हे ज्याने-त्याने आपल्या कॉलेजच्या हॉलची मापं घेऊन ठरवावं.

जी थीम फसवते

आता सुरुवातीला म्हटलं त्या प्रकाराकडे. 'स्मार्ट शेती', 'शेतकऱ्याचा मित्र', 'स्मार्ट गाव'. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या प्रोजेक्ट स्पर्धांत या थीम फार. कारण सोपं: पाहुण्यांना भाषण करायला बरं पडतं.

अशाच एका स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. थर्मोकोलचं शेत, त्यावर लाल आणि निळे प्लॅस्टिकचे चेंडू, आणि बॅनरवर 'कांदा काढणी व प्रतवारी रोबोट'. लाल चेंडू एका डब्यात, निळे दुसऱ्यात. नववीतल्या एका मुलीचा रोबोट मस्त चालला. मी विचारलं, घरी कांदा आहे का? म्हणाली, "आहे ना सर, दोन एकर." मग हा तुमच्या घरी चालेल का? ती हसली. "नाही सर. आमच्याकडे गोल्टी, चिंगळी, जोड असं वेगळं काढतात. नियमात फक्त लाल-निळं होतं."

त्या मुलीला कांद्याच्या प्रतवारीबद्दल नियम लिहिणाऱ्यांपेक्षा शंभर पट जास्त माहीत होतं, आणि स्पर्धेने तिला ते वापरूच दिलं नाही. वर पेपरात बातमी येणार: विद्यार्थ्यांनी बनवला कांदा काढणी रोबोट. शेतकरी वाचणार आणि हसणार. पोरांना मात्र वाटत राहणार की आपण प्रश्न सोडवला.

शेतीची थीम म्हणून ती वाईट, असं नाही. २०२४ ला व्हिएतनामने रोबोकॉनचा खेळ शेतीवरच ठेवला होता, 'हार्वेस्ट डे'. भाताची रोपं लावायची, मग रंगीत चेंडूंतून भरलेले दाणे आणि पोकळ दाणे, आपल्या भाषेत फोल, वेगळे करून कणगीत टाकायचे. तेही प्लॅस्टिकचे चेंडूच. पण शेतकऱ्याचं भलं केल्याचा आव कुणी आणला नाही. खेळ म्हणून सांगितलं, खेळ म्हणून खेळले. आणि दुसऱ्या रोबोटला रिमोट नव्हता, कॅमेऱ्याने चेंडू ओळखून स्वतः ठरवायचं होतं. फोनचा कॅमेरा चेहऱ्याभोवती चौकोन काढतो, तसंच तंत्र. कॉलेजच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली शिकवलेलं मॉडेल स्टेडियमच्या झगमगाटात गडबडतं, हे पोरांना तिथे कळलं. आयआयटी मुंबईची ई-यंत्र स्पर्धाही असंच करते. २०२१-२२ च्या त्यांच्या 'स्ट्रॉबेरी स्टॅकर' थीममध्ये ड्रोनने स्ट्रॉबेरीचे खोके ट्रकवर रचायचे होते, तेही कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये. खोक्यांवर क्यूआर कोडसारख्या खुणा होत्या. नाव स्ट्रॉबेरीचं, पण शिकवायचं होतं ड्रोन नियंत्रण, आणि तसं ते उघड सांगतात.

हे सगळं आत्ता महत्त्वाचं का? कारण शाळांतल्या स्पर्धा वाढणार आहेत. नीती आयोगाने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. अशा दहा हजारांवर लॅब झाल्या, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत कुणीतरी सर किंवा मॅडम येत्या काही वर्षांत पहिल्यांदाच रोबोट स्पर्धेची थीम ठरवायला बसतील. त्यांच्यासमोर सगळ्यात सोपा शब्द असेल 'स्मार्ट शेती'.

मी त्या नववीतल्या मुलीच्या सरांना एक सुचवलं होतं. पुढच्या वर्षी चेंडू आणू नका. बाजार समितीतून गोल्टीचं एक पोतं आणा, त्यात थोडे मोठे कांदे आणि दहा-बारा जोड टाका. खरा कांदा गोल नसतो, घरंगळतो, त्याची पत्ती सुटून सेन्सरवर बसते, दोन कांद्यांचा रंगही एक नसतो. रोबोटने शेतातून काढायचं वगैरे काही नको, टेबलावर ओतलेल्या कांद्यांचे तीन ढीग करायचे, बस. साल फाटली तर गुण वजा. आकार मोजायला जुन्या फोनचा कॅमेरा चालेल, किंवा कॅमेरा नको असेल तर घरात धान्य चाळायला असते तशी तिरकी चाळण आणि एक मोटर. कुठलं जास्त चांगलं चालतं ते पोरांना ठरवू द्या. मैदान म्हणजे एक टेबल, त्यामुळे हॉलचाही प्रश्न नाही.

सरांनी विचारलं, मग स्पर्धा संपल्यावर कांद्याचं काय करायचं? मी म्हटलं, वडापाव-भजीचा स्टॉल लावा.

अजून त्यांचा फोन आलेला नाही. पण ती मुलगी आता दहावीला आहे, आणि परवा तिच्या भावाच्या नंबरवरून मला एक व्हिडिओ आला: वॉशिंग मशीनची जुनी मोटर, पत्र्याची चाळण, आणि खाली दोन घमेली. एका घमेल्यात गोल्टी पडतेय. जोड अजून अडकतात.